राज्याचं नाव होणार

सोनगिरीच्या राजाने सात देशांच्या पैलवानांच्या कुस्त्या भरवायच्या ठरवल्या आणि सगळ्या नगरात उत्साहाला उधाण आलं. पाहुण्यांना बसायला उंच सज्जे हवे होते आणि सज्ज्यांना फळ्या. राजाच्या माणसांनी नदीवरच्या सगळ्या होड्या मोडून फळ्या नेल्या.

गिरजा नावाडीण तडक दरबारात गेली. "महाराज, वैद्यबुवा पलीकडच्या काठावर राहतात. आजाऱ्यांनी करायचं काय?"

राजाने मिशीवर ताव दिला. "बाई, जरा कळ काढ. या कुस्त्यांनी आपल्या राज्याचं नाव होणार आहे."

गिरजा माघारी आली.

कुस्त्यांचा दिवस उजाडला. ढोल-ताशे घुमू लागले, काठावर ही गर्दी लोटली. तेवढ्यात पलीकडून शिंग वाजलं. सात देशांचे पैलवान आले होते आणि मध्ये नदी दुथडी वाहत होती. राजाला आत्ता कुठे होड्या आठवल्या.

काठावर गिरजा मांडीवर वल्हं घेऊन शांत बसली होती. राजा तिच्यावर खेकसला, "होडी नाही, तर वल्हं घेऊन काय बसलीस?"

"महाराजच म्हणाले होते ना, नाव होणार आहे म्हणून? त्याच नावेची वाट बघतेय."

गर्दीत खसखस पिकली. राजा क्षणभर ओशाळला, मग स्वतःच खो खो हसत सुटला. "उतरवा रे ते सज्जे!"

दुसऱ्या दिवशी कुस्त्या नदीकाठच्या वाळूतच रंगल्या, राजाही वाळूतच बसला. पण त्याआधी नवी नाव पाण्यात उतरली, तेव्हा गिरजेने पैलवानांना थांबवलं आणि पहिल्या खेपेला वैद्यबुवांना आणलं.