कोऱ्या पट्टीची पृथ्वी

एका राज्यात एक बारव होती. दगडी पायऱ्यांनी खोल उतरत जाणारी ती विहीर पाण्यासाठी कुणी वापरीत नसे. तिची ख्याती होती कोनाड्यांसाठी. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना भिंतीत कोनाडे होते आणि प्रत्येक कोनाड्यापलीकडे एक निराळी पृथ्वी होती. कोनाड्यात पणती लावावी, डोळे मिटून एक पाऊल पुढे टाकावे, की माणूस त्या पृथ्वीवर उभा राही. पणती तेवत असेतो परतीची वाट मोकळी. विझली, तर माणूस तिकडचा तिकडेच. तिथल्या लोकांना याचे फारसे नवल नव्हते. कुणाच्या गावात चिंच असते, कुणाच्या गावात वड. यांच्या गावात बारव होती.

त्या राज्याचा राजा सुकेतू, आणि राजाचा पृथ्वीशोधक विश्वंभर. पृथ्व्या हिंडाव्या, त्यांची लक्षणे पाहावी, परत येऊन कोनाड्याखाली तांब्याची पट्टी ठोकावी आणि तिच्यावर नाव व गुण कोरावे, हे विश्वंभराचे काम. एका पट्टीवर होते, ‘सांजा. इथे दिवस मावळतो, पण रात्र होत नाही.’ दुसरीवर होते, ‘द्विभानू. सूर्य दोन. माणसाच्या दोन सावल्या आपसांत भांडतात.’ अशा पट्ट्या कोरता कोरता त्याचे केस पांढरे झाले होते.

पण राजाचे मन नुसत्या अक्षरांवर भरेना. तो म्हणाला, “नावे पुष्कळ झाली. वस्तू दाखव.” मग विश्वंभर वस्तू आणू लागला आणि राजाने त्यांच्यासाठी विश्वशाळा बांधली. वडिलोपार्जित नियम असा होता की परक्या पृथ्वीवर आधी मागावे, मोबदला द्यावा, मगच घ्यावे. विश्वंभराने तो नियम पुष्कळ वर्षे पाळला. पुढे कीर्ती वाढली, दरबारात आसन मिळाले, तसा त्याचा हात सैल झाला. तीन ठिकाणी त्याने मागितले नाही. उचलले, पिशवीत टाकले आणि चालू लागला. कोण विचारतो, असे त्याला वाटले.

त्यानंतर राज्याला शापाने घेरले. आधी नदी आटली. भर पावसाळ्यात तिच्या पात्रात गुरे बसू लागली. मग सावल्या गेल्या. झाडे हिरवीगार, पण भर दुपारी वडाखाली उभे राहावे तरी डोके तापे. आणि मग जे झाले, त्यापुढे नदी आणि सावली कुणाला आठवेनाशी झाली. राज्यात जन्मणारी मुले रडेनात, डोळे उघडेनात. श्वास चाले, अंग उबदार असे, पण मूल जागे म्हणून होत नसे. आया दुधात भिजवलेला बोळा त्यांच्या ओठांना लावून कसेबसे त्यांना जगवीत.

विश्वंभराची लेक शेवंती हिला त्याच वर्षी मुलगी झाली. तीही तशीच निजलेली. बोळ्याने ती घोट घेईना. घरात चांदीचे एक बोंडले होते, तान्ह्यांना दूध पाजण्याचे, लहानशा चोचीचे, त्यातून तेवढे थेंब थेंब दूध तिच्या पोटात जाई. तिचे बारसे राहिले होते. त्या राज्यात रीत अशी, की जाग्या कानात सांगितलेलेच नाव माणसाला लागते. उभ्या जन्मात पृथ्व्यांना नावे दिली, आणि स्वतःच्या घरात नात बिननावाची! विश्वंभर पाळण्यापाशी जाई आणि तसाच माघारी फिरे.

राजमांत्रिक त्रिजट पोट सावरीत दरबारात उभा राहिला. म्हणाला, “महाराज, एका पृथ्वीवर मुले हसतच जन्मतात. तिथला पाळणा आणवावा.” राजाने आज्ञा केली. विश्वंभर पणती घेऊन बारवेवर आला.

बारवेच्या कठड्यावर एक टिटवी बसली होती. टिटवी ओरडली की लोक अशुभ म्हणून कानांवर हात ठेवतात. त्यामुळे ती काय बोलते ते आजवर कुणी ऐकलेच नव्हते. त्या दिवशी विश्वंभराचे दोन्ही हात पणतीत गुंतले होते.

टिटवी म्हणाली, “पुन्हा उचलायला निघालास?”

“राजाज्ञा आहे.”

“शेजारीण वाटीभर आमटी पाठवते. तुझ्या घरून ती वाटी परत कशी जाते?”

“रिकामी जात नाही. चिमूटभर साखर तरी घालतात.”

“आणि वाटीच परत केली नाही तर?”

विश्वंभर पणतीची वात सारखी करू लागला.

“न मागता आणलेल्या तीन वस्तू आहेत,” टिटवी म्हणाली. “त्यांच्या जागा तिकडे रिकाम्या पडल्या, त्या इकडून ओढून घेत आहेत. एकीने नदी ओढली, एकीने सावली, एकीने लेकरांची जाग. तिन्ही वस्तू पोचत्या कर. रिकाम्या हाताने जाऊ नकोस. पणती मी राखीन.”

“दोन मला आठवतात. तिसरी आठवत नाही.”

“नाही आठवली, तर नात अशीच निजून राहील.”

राजाने कुरकुरत परवानगी दिली. विश्वंभराने विश्वशाळेतून पहिली वस्तू उचलली. तो एक दगड होता, उतारावर ठेवला की चढाकडे घरंगळणारा. तो ज्या पृथ्वीचा, तिथे नद्या समुद्रातून निघून डोंगर चढतात आणि शिखरावर पोचून ढग होतात. विश्वंभराने दगड आणि घरचे ओंजळभर तांदूळ घेऊन पाऊल टाकले. नदीकाठी एक म्हातारा नावाडी भोवऱ्यात अडकलेली नाव ओढत होता.

“हा दगड इथला,” विश्वंभर म्हणाला.

“तो गेला आणि इथे भोवरा झाला,” नावाडी म्हणाला. “जिथून उचललास तिथे ठेव. मग दोर धर.”

विश्वंभराने बुडी मारून दगड तळाशी बसवला आणि नाव काठाला लागेपर्यंत दोर ओढला. तळहात सोलून निघाले. नावाड्याने तांदूळ पदरच्या फडक्यात बांधून घेतले आणि मान हलवली. विश्वंभर परतला तेव्हा राज्यातली नदी दुथडी वाहत होती.

दुसरी वस्तू होती एक रोप. ते ज्या पृथ्वीचे, तिथे झाडे चालतात आणि माणसे जमिनीत रुजलेली असतात. विश्वशाळेच्या कुंडीत ते रोप मुळे आपटीत असे. राजा त्याला पाहुण्यांपुढे नाचायला लावी. विश्वंभराने ते आपल्या अंगणातल्या मातीसकट नेले. पलीकडे एक मोठे झाड वाट पाहत खिळून उभे होते, आणि दूर, कमरेपर्यंत मातीत रुजलेली एक म्हातारी उन्हात होरपळत होती.

ती म्हणाली, “ते झाड या रोपाची आई. रोज दुपारी चालत येऊन माझ्यावर सावली धरायची. लेकरू गेले आणि ती जागची हलेना.”

विश्वंभराने रोप झाडाच्या पायाशी सोडले. झाडाची पाने सळसळली, पण पाय आखडले होते. चालायला वेळ लागणार होता. मग न सांगताच विश्वंभर म्हातारीच्या आणि सूर्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला. ऊन कलेपर्यंत तो हलला नाही. तो परतला तेव्हा राज्यातल्या वडाखाली लोक पथारी पसरून बसले होते आणि त्याचा जयजयकार करीत होते.

तो थेट घरी गेला. नात निजलेलीच होती.

तिसरी वस्तू कोणती? विश्वशाळा धुंडाळली, प्रत्येक वस्तूचा मोबदला दिल्याचे त्याला आठवत होते. मग तो बारवेत उतरला आणि वरपासून एकेक पट्टी वाचत गेला. आपणच कोरलेली आपली थोरवी वाचताना त्याला लाज वाटू लागली. अगदी तळाला, पाण्याच्या काठाशी, एक पट्टी कोरी होती.

त्याला ती पृथ्वी आठवली. तिथले आकाश असेच, ज्वारी अशीच, माणसे अशीच बोलणारी. पाय दुखेपर्यंत हिंडून त्याला तिथे एकही फरक सापडला नव्हता. राजाला त्याने सांगितले होते, “नोंदण्यासारखे काही नाही.” राजा हसला होता. तिथून काही आणल्याचे मात्र आठवेना. फार चाललो होतो, एवढे आठवले. तहान लागली होती, हे आठवले. आणि तहानेपाठोपाठ दूध आठवले. एका दारात एक बाई लेकराला पाजत होती. घरातली भांडीकुंडी शेजारच्या लग्नाला गेली होती, म्हणून तिने लेकराच्याच बोंडल्यात दूध ओतून विश्वंभराच्या हाती दिले आणि ती आत वळली. दूध पिऊन तो निघाला. बोंडले पिशवीत टाकले. निदान एवढे तरी नेऊ, म्हणून. राजाने ते पाहून नाक मुरडले. असली बोंडली राज्यात पैशाला पासरी होती. मग विश्वंभराने ते घरी नेले.

विश्वंभर पायऱ्या चढून धावत घरी आला. शेवंती लेकीला दूध पाजत होती.

“शेवंती, ते बोंडलं दे.”

“बाबा, ती दुसऱ्या कशानेही घोट घेत नाही.”

“ठाऊक आहे. पण ते आपलं नाही. मी न विचारता आणलं.”

“राजाने दिलं, असं म्हणाला होतात.”

“खोटं बोललो होतो.”

शेवंतीचे डोळे रागाने भरून आले. तिने पाळण्याकडे पाहिले, बापाकडे पाहिले. एवढ्या चोचीवर लेकीचा जीव टांगलेला, आणि तेच हातावेगळे करायचे! तिला बापाचा तिरस्कार वाटला. तरी ती पाठ वळवून बसली, बोंडले आपल्या दुधाने भरले आणि आणून त्याच्या हातावर ठेवले.

“रिकामं नेऊ नका,” ती म्हणाली. “आणि लवकर या. सकाळपासून तिच्या पोटात दोनच घोट गेलेत.”

तळाच्या कोनाड्यातून विश्वंभर पलीकडे गेला, तो रडण्याच्या कल्लोळात जाऊन उभा राहिला. घराघरांतून तान्ही मुले रडत होती. आया त्यांना घेऊन अंगणात येरझारा घालत होत्या. डोळे लाल, केस विस्कटलेले. त्या पृथ्वीवर वर्षभर एकही तान्हे निजले नव्हते. तिथली सारी झोप इकडे लोटली होती आणि इकडची सारी जाग तिकडे.

ते दार त्याला सापडले. ती बाई उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर आक्रोश करणारे मूल. विश्वंभराने तिच्या तोंडाकडे पाहिले. गेल्या खेपेस त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलेच नव्हते. ती हुबेहूब शेवंती होती.

“मला ओळखलंस?” त्याने विचारले.

“ओळखलं. माझ्या वडिलांचा चेहरा घेऊन आला होतात,” ती म्हणाली. “ते गेल्याला फार दिवस झाले नव्हते. म्हणून तर मूल पीत असताना त्याचं दूध तुम्हाला दिलं. बाहेर येऊन बघते, तर तुम्ही नाही, बोंडलंही नाही. मागितलं असतंत तर दिलं असतं.”

विश्वंभराने पगडी काढून उंबऱ्यावर ठेवली. “चोरून नेलं. आज परत आणलंय. दूध माझ्या लेकीचं आहे.”

“तिला लेकरू आहे?”

“आहे. ते निजलेलं आहे. जागं होत नाही.”

“मग हे दूध त्याच्या वाट्याचं.”

“होय.”

बाईने हात पुढे केला. मग तिने बोंडले मुलाच्या ओठांना लावले. मूल हुंदके देत प्याले, शेवटचा घोट घेताना मुठी सैल झाल्या, आणि ते निजले. शेजारच्या घरातले रडणे थांबले. मग त्यापलीकडचे. गल्लीच्या गल्ली शांत होत गेली. आया जिथे उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या. ती बाई मुलाच्या टाळूवर गाल टेकून रडली. पुष्कळ दिवसांचे रडणे होते.

विश्वंभर निघाला तेव्हा तिने थांबवले. आत जाऊन गुळाचा खडा आणला.

“नको,” तो म्हणाला. “इथून काही न्यायचं नाही मला. भांडं तर तुमचंच होतं.”

“दूध तुमचं होतं ना? भरून आणणाऱ्याला आमच्याकडे रिकाम्या हाती पाठवत नाहीत.” तिने खडा त्याच्या सोललेल्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटली. “सांभाळून जा, बाबा.”

इकडे बारवेत वारा सुटला होता. वेळ पडली तर टिटवीही समुद्र आटवते म्हणतात. हिने पंख पसरून वारा अडवला होता. विश्वंभर परतला तेव्हा तिची पिसे करपली होती आणि पणतीत तेलाचा ओशटपणा तेवढा उरला होता. त्याने वाकून तिला नमस्कार केला.

घरी आला तो मूठ मिटलेलीच. घामाने गूळ पाघळला होता. काही न बोलता त्याने गुळाचे बोट नातीच्या जिभेला लावले. शेवंती श्वास रोखून बघत होती. मुलीने कपाळाला आठी घातली, तोंड वाकडे केले, आणि अशी काही किंकाळी फोडली की आढ्यावरची कबुतरे उडाली. मग समोरच्या घरातले मूल रडले, मग कोपऱ्यावरचे, मग अख्खे नगर. एवढा गोंगाट त्या राज्यात कधी झाला नव्हता आणि त्याला वैतागणारा एकही माणूस निघाला नाही. राजा सुकेतू दुपारच्या झोपेतून दचकून उठला आणि गादीवर बसल्या बसल्या त्याने हात जोडले.

शेवंती नुसती हसत होती आणि रडत होती. मुलीने त्या दिवशी बोंडल्याशिवाय, आईच्या अंगावर, पोटभर दूध घेतले.

शाप संपला. राजाने स्वतः विश्वशाळेचे दार बंद केले. पुढे राज्यात मागून घेण्याचा जुना नियम पुन्हा चालू झाला आणि त्यात एक भर पडली: परक्या पृथ्वीवर जाणाऱ्याने भरले भांडे न्यावे. ती भांडी डोक्यावरून बारवेपर्यंत वाहण्याचे काम त्रिजटाकडे आले. त्याचे पोट बरेच उतरले. टिटवी ओरडली की लोक कानांवरचे हात काढून ऐकू लागले.

बारसे थाटात झाले. पण त्याआधी, सकाळीच, विश्वंभर छिन्नी-हातोडी घेऊन बारवेच्या तळाशी उतरला. कोऱ्या पट्टीपुढे तो बराच वेळ बसला होता. त्या पृथ्वीला तिथले लोक काय म्हणतात, हे त्याने विचारले नव्हते. पृथ्वीच म्हणत असतील. त्याने नाव दिले नाही. एवढेच कोरले, ‘इथे मला तहान लागली होती. एका लेकीने दूध दिले.’