निम्म्या भावाचा चाकू

राजा रणधवलाला बयजा माळणीचा चाकू हवा होता, आणि तोही निम्म्या भावात!

नाव रणधवल असलं तरी महाराजांनी रण कधी पाहिलं नव्हतं. त्यांना नाद होता घडी घालून मिटणाऱ्या जुन्या चाकूंचा. हत्तींना हाकलून त्यांनी हत्तीखान्यात चाकूखाना काढला होता. तिथे सातशे चाकू मखमलीवर पडून असत आणि त्यांच्या दिमतीला त्रिंबकपंत नावाचे दरोगा होते. हत्ती मात्र बाहेर उन्हात उभे.

महाराजांचा दुसरा नाद म्हणजे घासाघीस. समोरचा काहीही भाव सांगो, महाराज बरोबर निम्मा देणार. हे बाजारातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळे लोहार नवाकोरा चाकू चिंचेच्या पाण्यात बुडवत, उकिरड्यात पुरत, आणि 'आमच्या खापरपणजोबांचा' म्हणून दोन रुपयांचा माल शंभराला सांगत. महाराज पन्नास देऊन मिशीला पीळ भरत. "काय लुटलंत हो त्याला, महाराज!" असं त्रिंबकपंत ओरडत, आणि संध्याकाळी त्याच लोहाराकडे जाऊन आपला वाटा घेत.

बयजाचा चाकू मात्र खरोखरच जुना होता. आंब्याची कलमं बांधायचा. तिचा बाप भिवबा याची नजर अधू झाल्यापासून तीच त्या चाकूने काडी कापी, रोपाच्या खुंटावर बसवी आणि केळीच्या सोपटाने बांधून टाकी. काप इतका साफ, की कलम जगलंच म्हणून समजा. तो घडवणारा लोहार केव्हाच गेला होता. तसा चाकू पुन्हा होणे नाही, आणि बापलेकीची चूल त्याच्यावरच पेटत होती.

आठवडी बाजारात महाराजांची नजर नेमकी त्याच्यावर पडली.

"आण इकडे!" त्यांनी हात पुढे केला.

"धारेची वस्तू हातात देऊ न्हाई, महाराज. भांडान व्हतं," असं म्हणून बयजाने चाकू जमिनीवर ठेवला.

आली का पंचाईत! महाराजांना वाकावं लागलं. सगळे दरबारी घाईघाईने आभाळात ढग शोधू लागले.

"भाव सांग!"

"इकायचा न्हाई, महाराज."

"आमच्या राज्यात विकायचा नाही असा माल नसतो! उद्या दरबारात येऊन भाव सांग. निम्मा देऊ आणि चाकू घेऊ. नाही म्हणालीस, तर या बाजारात तुझं एकही कलम विकू देणार नाही!"

घरी भिवबाने कपाळाला हात लावला. "लाख सांग, पोरी! निम्मे तर पदरात पडतील."

"आन् परवा काडी कशानं कापू, बाबा? रुपयानं?"

बयजाला महाराजांचा भयंकर राग आला होता. त्या रागात तिने एक भाकरी करपवली. दुसरी थापता थापता मात्र ती एकदम हसायला लागली. भिवबाला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला!

दुसऱ्या दिवशी दरबाराच्या दारातच त्रिंबकपंतांनी तिला गाठलं. "हजार सांग. पाचशे मिळतील, त्यातले निम्मे माझे!"

"तुमी बी निम्म्यातलेच का!" म्हणत ती आत गेली.

"बोल, काय भाव?" महाराजांनी विचारलं.

"निम्मा द्याल नव्हं नक्की? मागनं फिरणार न्हाई?"

"रणधवलाचा शब्द आहे!"

"मग ऐका. ह्या चाकूचा भाव, ह्याच्यासारखेच दोन चाकू!"

महाराजांनी मनात हिशेब केला आणि सिंहासनावर बसल्या जागी उडीच मारली. "निम्मा म्हणजे एक! अगं वेडे, आमच्याकडे सातशे आहेत. हवा तो उचल!"

"उचलते की. पर ह्याच्यासारखा म्हंजे ह्याच्यासारखं काम करणारा. आंब्याची काडी एका झटक्यात कापली पायजे."

"एवढंच ना? आणा रे तबकं!"

पहिला चाकू उघडेचना. दुसरा उघडला तो मिटेचना. तिसऱ्याची मूठ सोन्याची होती; ती महाराजांच्या हातात राहिली आणि पातं त्यांच्या पायाशी पडलं. चौथ्याने काडी नुसती चघळली. पाचव्याला अजून चिंचेचा वास येत होता. महाराजांनी बाह्या सरसावल्या, घाम गाळला, तबकांमागून तबकं रिकामी केली. काड्यांचा नुसता भुगा झाला!

"एकही नाही?" महाराजांचा आवाज रडवेला झाला.

"रोज तेल लावून घ्यायचं, मखमलीवर लोळायचं, आन् काम म्हणून करायचं न्हाई! बिघडतातच की, महाराज."

बयजा चाकूंबद्दल बोलत होती, पण दरबाऱ्यांची अख्खी रांग पागोटी सारखी करू लागली.

"महाराज, हिने आपला अपमान केला!" त्रिंबकपंत किंचाळले. "चाकू जप्त करा आणि हिला कोठडीत टाका!"

महाराज लाल झाले. "भाव देता येत नाही आणि शब्द दिलाय, म्हणून चाकू सोडावा लागतोय. पण आम्ही सौद्यातून आजवर रिकाम्या हाताने उठलेलो नाही, पोरी!"

"रिकाम्या हातानं कसे, महाराज?" बयजा म्हणाली. "साऱ्या चाकूखान्याची खरी किंमत आज तुमास्नी कळली. दरोगासाहेब इतकी वर्सं पगार खात्यात, पर ती त्यांनी कधी सांगितली न्हाई. म्या सांगितली, आन् ती बी निम्म्यात न्हाई, फुकटात! असा सौदा तुमी तरी कधी केलाय का?"

महाराजांनी चिंचेच्या वासाचा तो चाकू नाकाशी धरला. मग दाराकडे सरकणाऱ्या त्रिंबकपंतांकडे पाहिलं. आणि एकदम असे खदाखदा हसत सुटले, की मुकुट घसरून कानावर आला!

राजवाड्यामागची आमराई त्याच दिवशी बयजाच्या नावावर झाली. आणि त्रिंबकपंतांना हुकूम सुटला: सातशेच्या सातशे चाकूंना धार लावा. स्वतःच्या हाताने!