मायन्याखालचा मजकूर

एका वृद्ध गुरुजींकडे एकदा त्यांचा जुना शिष्य आला. शहरात त्याचा संगणकवर्ग होता, आणि सत्तरीतल्या माणसांनाही तो धीराने शिकवतो असा लौकिक होता. त्या दिवशी मात्र त्याचा चेहरा उतरलेला होता.

"गुरुजी, द्वारकामावशी गेली," तो म्हणाला. "ती परदेशी मुलाकडे असायची. आई आणि ती जुन्या भांडणामुळे अकरा वर्षे बोलत नव्हत्या. मग एक दिवस आई म्हणाली, मला ई-मेल शिकव, द्वारकेला लिहायचंय. मी म्हटलं, तू कशाला कष्ट घेतेस? तू सांग, मी टाइप करतो. आठ वर्षं दर महिन्याला मेल गेला, एकदाही चुकला नाही. आणि मावशी गेल्याचं कळल्यावर आई म्हणते, माझं बोलायचं राहूनच गेलं. तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. माझं काय चुकलं?"

गुरुजींनी शेजारच्या दामूअण्णांना हाक मारली, त्यांच्या हाती कागद-पेन दिले आणि शिष्याला म्हणाले, "आईविषयी तुझ्या मनात जे सलतंय ते अण्णांना सांग. ते उतरवून घेतील. मी आत बसतो, मग वाचेन."

शिष्य गोंधळला. अण्णा चष्मा लावून, पेन सरसावून अगत्याने त्याच्याकडे पाहत होते. बराच वेळ गेला. शेवटी कागद आत आला. गुरुजींनी तो मोठ्याने वाचला, "मावशी वारली. आईची तब्येत ठीक आहे. काळजी नसावी."

शिष्याने मान खाली घातली.

गुरुजी म्हणाले, "अण्णा भला माणूस आहे. त्यांनी तुझा एक शब्दही गाळला नाही. तरी तू जे सांगायला आलास ते या कागदावर नाही. आठ वर्षं तुझी आई तुला काय सांगत होती?"

"आम्ही सगळे मजेत आहोत. तब्येतीला जप."

"आणि मावशीचं उत्तर?"

"आम्हीही मजेत आहोत. तिकडे तिची सून टाइप करायची."

"म्हणजे दोघी बहिणी समोरासमोर आल्या होत्या आणि मध्ये तुम्ही दोघं बसला होता. क्षमा मागायची ती मुलाकरवी कशी मागणार? तिला बहिणीशी एकटीनं बोलायचं होतं, म्हणून तर तिनं शिकव म्हटलं."

"मला वाटलं, मी तिचे कष्ट वाचवतोय."

"वाचले ते तुझे. शिकवायला महिना लागला असता, टाइप करायला दोन मिनिटं पुरली."

शिष्याचे डोळे भरून आले. "आता काय करू?"

"मावशीपुरतं आता काही करता येणार नाही," गुरुजी म्हणाले. त्यांनी उगाच धीर दिला नाही. "शिकवायचं राहिलंय, तेवढं शिकव."

तो घरी गेला. आई आधी नको म्हणाली, मग बसली. तिला एकेक अक्षर सापडेपर्यंत त्याचे हात शिवशिवत. ते तो पाठीमागे धरून ठेवी. असे वीस-बावीस दिवस गेले. मग एका सकाळी आई म्हणाली, "तू जरा उठ इथून."

तो स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. बाहेरून एका बोटाची टकटक येत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा सुरू होत होती. चहा निवून गेला तरी ती चालूच होती.

"पाठवायचं कुठे दाबू?" आईने विचारले.

"खाली निळं बटण आहे," त्याने तिथूनच सांगितले.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "गेला."

कोणाला, हे त्याने विचारले नाही. आईला पत्ता एकच ठाऊक होता.