वैशाखातले मालक

कुंभारझरी नावाच्या जंगलात तरस राजा होता. तो रीतसर निवडून आला होता, त्यामुळे त्याच्या हसण्यालाही प्रजा भाषण समजत असे.

त्या जंगलात नदीकाठी नागोजी कासव आणि त्याची बायको सोनाई राहत. काठावरच्या वाळूत सोनाई दरवर्षी अंडी घालायची. एका सभेत राजा गरजला, "परके आपली नदी पितात! परक्यांना हाकला!" नागोजीनं मान लांब करून टाळ्या वाजवल्या.

सभा संपताच सरकारी बगळा त्याच्या शेजारी येऊन एका पायावर उभा राहिला. "नागोजीराव, परदेशात घर घ्या. डोंगरापलीकडे, तळ्याकाठी. घर सामाईक, पण वैशाखाचा पहिला आठवडा फक्त तुमचा. बदल्यात ही वाळू द्या."

"अहो, पाठीवर घर असताना आणखी घर कशाला?" सोनाई म्हणाली.

"हे नुसतं घर आहे गं. ती मालमत्ता!" नागोजी म्हणाला आणि तिला पुढचं काही न विचारता वाळू देऊन मोकळा झाला.

दोघं निघाली. कासवंच ती, पोचेपर्यंत आषाढ उजाडला. वेशीवर रानडुकरानं अडवलं.

"परके का?"

"छे! मालक."

"म्हणजे परके मालक. तुमचा आठवडा उलटला. पुढच्या वैशाखापर्यंत परक्यांच्या कोंडवाड्यात बसा."

बसली बिचारी. वैशाख आला, घराचं दार उघडलं. आत त्याच आठवड्याची मालक असलेली एक सुसर, सात साळिंदरं आणि वानरांचं एक अख्खं कुळ आधीच भांडत होतं. साळिंदरांनी जरा सरकून जागा दिली, तीच जास्त टोचली. नागोजीनं डोकं-पाय आत ओढले आणि परदेशातला आठवडा स्वतःच्या पाठीखाली काढला.

परत आली तेव्हा सोनाईला दिवस भरले होते. नदीकाठी कुंपण होतं आणि कुंपणापाशी डोंगरापलीकडचा एक रोहित पक्षी पहारा देत होता.

"तुमचा आठवडा कोणता?" त्यानं विचारलं.

"आम्ही इथलेच आहोत हो," नागोजी काकुळतीला आला.

"इथले सगळे असंच म्हणतात. वाटा नाही तो परका."

नागोजीला पहिल्यांदाच सोनाईकडे बघवेना. "चुकलंच माझं," तो पुटपुटला.

"ते नंतर बोलू," सोनाई म्हणाली. "आधी वाळू शोधा."

कुंपणाबाहेर वाळू एकाच ठिकाणी उरली होती. निवडणूक आली होती आणि राजाच्या मंचावर गारव्यासाठी वाळूचा ढीग रचला होता. राजा "परक्यांना हाकला!" म्हणत असताना सोनाई शांतपणे मंचावर चढली, सिंहासनाखाली खड्डा केला आणि अंडी घातली. पहारेकऱ्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. नागोजी मात्र खाली उभा राहून घोषणा देत राहिला, म्हणजे कुणी तिकडे बघू नये. त्याचा आवाज इतका कधीच लागला नव्हता.

पण अंडी दिसलीच. दरबारानं तातडीनं निवाडा दिला: मंचावर जन्मतील ती पिल्लं भूमिपुत्र, आईबाप परके. आईबापांनी वर्षातून एक आठवडा येऊन पिल्लांना भेटावं.

"लेकरांना आठवडाभरच भेटायचं?" नागोजीनं विचारलं.

राजाला यात अन्याय दिसला नाही. तो स्वतःही हल्ली डोंगरापलीकडेच राहतो, आणि पाच वर्षांतून एकच आठवडा, मतदानाच्या आधी, आपल्या प्रजेला भेटायला येतो.