सटवाप्पाचा कान

फार वर्षांपूर्वी, माझ्या पणजीची पणजी पाळण्यात होती त्या काळी, बोरवंड गावात सटवाप्पा नावाचा वडार राहायचा. विहिरी खणणं हा त्याचा धंदा, पण खरी करामत होती ती त्याच्या कानात. सकाळच्या गारव्यात तो उघड्या खडकावर पालथा पडायचा, कान टेकायचा आणि म्हणायचा, "इथं आहे. आठ परस." परस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली. आणि आठव्या परसाला पाणी लागायचंच लागायचं. खडकाखालच्या मुंगीनं कूस बदलली तरी त्याला ऐकू जायचं, असं म्हणतात. हसू नका, मी आपलं म्हणतात ते सांगतेय.

एकदा परगावी विहीर खणताना वरून दरड सुटली ती थेट त्याच्या पाठीवर. जीव वाचला, पण दुखणं कायमचं मुक्कामाला आलं. उठताना दुखे, बसताना दुखे, खोकला आला तरी डोळ्यांपुढे काजवे चमकत. गावच्या वैद्यानं अफूची गोळी दिली. वैद्य काही वाईट नव्हता, हो! त्यानं आठ दिवसांपुरतीच दिली होती. पण गोळी पोटात गेली की दुखणं लांब कुठंतरी जाऊन बसे, आणि सटवाप्पाला ती सोडवेना. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार.

त्याच साली बोरवंडचा ओढा आटला. बाया दोन कोस चालून पाणी आणू लागल्या. गाव सटवाप्पाच्या दारात आलं. तो डुलत डुलत माळावर गेला, खडकाला कान लावला आणि म्हणाला, "इथं खणा." अख्खं गाव पाच महिने राबलं. बारा परस खाली गेले, तरी नुसता कोरडा ठणठणीत कातळ.

कुणी त्याला शिवी दिली नाही, आणि तेच त्याला फार लागलं. घरी येऊन तो बायकोला, गंगव्वाला म्हणाला, "गंगे, मला काही ऐकूच आलं नव्हतं. सगळे तोंडाकडं बघत होते, म्हणून बोट दाखवलं गं." आणि एवढा दांडगा गडी, पण हमसून हमसून रडला.

गंगव्वा तोंडाची फटकळ. "रडून झालं असेल तर बोला," ती म्हणाली. "गोळी पाहिजे का कान पाहिजे?"

"कान," तो म्हणाला.

गोळी एकदम तोडली तर माणूस वेडापिसा होतो, असं वैद्यानं बजावलं होतं. म्हणून गंगव्वा दर काही दिवसांनी वैद्याला विचारून तिळाएवढा कण कमी करायची. बदल्यात गरम वाळूची पुरचुंडी पाठीला लावायची, निर्गुडीच्या पाल्यानं शेकायची आणि मग नवऱ्याला घराबाहेर काढायची. "आज कुठवर?" असं विचारायची. पहिल्या दिवशी तो उंबऱ्यापर्यंत गेला. मग गोठ्यापर्यंत, मग चिंचेपर्यंत. वाटेत कळ आली की तो छन्नीवर हातोडा पडावा तशा ठेक्यात श्वास घ्यायचा, घाव एक, घाव दोन, घाव तीन.

आणि मग त्यानं चूक केली, ती वडारानंच करावी अशी. एके दिवशी पाठ हलकी वाटली. झालं! गड्यानं घण उचलला आणि दुपारपर्यंत दगड फोडले. पुढचे नऊ दिवस त्याला कूस बदलता येईना. तो गोळीसाठी हात जोडू लागला. गंगव्वानं ठरलेला कण दिला, वर काही दिलं नाही. तिच्याही डोळ्यांचं पाणी खळेना. मग ती म्हणाली, "आता ऐका माझं. बऱ्या दिवशी ठरल्या जागी थांबायचं. वाईट दिवशी निदान उंबरा तरी ओलांडायचा."

वर्ष सरलं, तेव्हा अफूची डबी रिकामी झाली होती. सटवाप्पा काठी टेकत माळावर निघाला. वाटेत सात वेळा बसला. गाव मागून येत होतं. त्या कोरड्या विहिरीच्या काठाशी त्यानं कान टेकला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"बाप रे, केवढा खळखळाट!" तो ओरडला. "सहा पावलं उगवतीकडं. तीनच परस!"

तिसऱ्या परसाला पाणी असं उसळलं की पहारीसकट दोन गडी काठावर येऊन पडले, असं म्हणतात. बाया रिकाम्या घागरी वाजवत नाचल्या. वैद्यानं विचारलं, "सटवाप्पा, दुखायचं थांबलं का रे?"

"छे, दुखतंय की," तो म्हणाला. "पण बघा, इथवर आलो."

पुढं तो वीस वर्षं जगला, दुखणं सोबत घेऊनच, आणि त्यानं आणखी अकरा विहिरी दिल्या.

आजही बोरवंडात दुखणाईत माणसाला "बरं वाटतंय का?" असं कुणी विचारत नाही. विचारतात, "आज कुठवर?" तो पारापर्यंत म्हणाला, तर विचारणाऱ्यानं हातातलं काम टाकून पारापर्यंत त्याच्याबरोबर चालायचं, त्याच्याच चालीनं. आणि चैत्रात विहिरीतला गाळ काढून झाला की पहिली ओंजळ प्यायची ती गावातल्या सगळ्यात जुन्या दुखणाइतानं, घरून आपल्या पायांनी येऊन. गेल्या साली मान हौसाक्काचा होता. गुडघे धरलेले, कंबर वाकलेली. सकाळी निघाली ती उन्हं डोक्यावर आल्यावर पोचली. कुणी तिला उचलून आणलं नाही, आणि ती येईपर्यंत त्या अख्ख्या गावात पोराटोरांनीसुद्धा पाण्याला तोंड लावलं नाही.