गाय-वासराचा होन

होन चालत होते त्या काळातली ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक सराफ राहत होता. पेढी बरी चालायची, घरात खाऊन-पिऊन सुख होतं, पण माणसाला एक तरी वेड असतंच. या सराफाला जुन्या नाण्यांचं वेड होतं.

त्याच्याकडे शिसवी लाकडाची एक पेटी होती. आत लाल मखमल, मखमलीत गोल खळगे आणि प्रत्येक खळग्यात त्या मुलखावर राज्य केलेल्या एकेका राजाचा सोन्याचा होन. फक्त एक खळगा रिकामा होता. फार पूर्वी एक राजा लढाईत पडला. मुलगा पाळण्यात, म्हणून राणीनं थोडे दिवस गादी सांभाळली. तिनं आपल्या होनावर तलवार नाही, सिंह नाही, तर गाय आणि तिला लुचणारं वासरू उमटवलं. पुढे दिरानं गादी बळकावली आणि राणीचे होन गोळा करून आटवून टाकले. तेवढाच एक होन सराफाला मिळत नव्हता.

पाहुणा आला की सराफ पेटी उघडून दाखवायचा. पाहुणाही असा, की भरलेले खळगे सोडून नेमकं रिकाम्यावर बोट ठेवायचा. "इथला कुठं गेला हो?" मग सराफाला त्या दिवशी अन्न गोड लागायचं नाही. त्यानं जत्रांचे बाजार पालथे घातले, परगावच्या पेढ्या धुंडाळल्या. एका सोनारानं नवाच ठसा मारून, वाळूत घासून जुना केलेला होन त्याच्या गळ्यात मारला, तेव्हा तर त्यानं अंथरूणच धरलं. "सोन्याच्या धंद्यात फसवणूक म्हणजे देव्हाऱ्यात थुंकणं," असं तो पुढे चारचौघांत नेहमी म्हणायचा.

एकदा पेढीसमोरची धूळ न्यायला झारेकरी आला. सोनार-सराफांच्या दारची माती धुऊन तिच्यातले सोन्याचे कण वेचणारा तो माणूस. सराफानं त्याच्यापाशीही आपलं रडगाणं गायलं.

"गाय-वासराचा होन?" झारेकरी म्हणाला. "तो आपल्या सुईणआक्काकडं आहे की. माझी पोरगी झाली तेव्हा तिनं तोच उगाळून चाटवला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. सराफाची मुलं बायकोच्या माहेरी जन्मलेली, त्यामुळे या सुईणीची पायरी चढायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

त्या गावची रीत अशी होती, की मूल जन्मलं म्हणजे सहाणेवर मधात सोनं उगाळायचं आणि बारशापर्यंत रोज बाळाला बोटानं चाटवायचं. गरिबाच्या घरी सोनं कुठून येणार? म्हणून सुईणीच्या आजेसासूला कुणा बाळंतिणीनं हा होन देऊन ठेवला होता. तेव्हापासून ज्याच्या घरी सोनं नाही त्याच्या घरी हा होन जायचा.

सराफ तसाच खालच्या आळीत गेला. म्हाताऱ्या सुईणीनं पदराची गाठ सोडून होन त्याच्या तळहातावर ठेवला. उगाळून उगाळून तो पिंपळपानासारखा पातळ झाला होता. वासरू पार झिजून गेलं होतं, गाय तेवढी ओळखू येत होती. आणखी चार पाळणे हलले की गायही जाईल, हे सराफाला स्पष्ट दिसत होतं.

"आक्का, हा मला दे," तो म्हणाला. "बदल्यात याच्या दुप्पट चोख सोनं देतो."

"न्या की," सुईण म्हणाली. "लेकरांना गाय काय नि वासरू काय. पण सोनं चोख पाहिजे बघा. तांब्याचं हीण असलं की चाटण कळकतं, पोरांची पोटं बिघडतात. माझी नजर गेली आता, मला काही पारखता यायचं नाही. तुम्ही चोख म्हणाल ते मी चोख म्हणेन."

पेढीवर येऊन सराफानं खरोखरच चोख सोन्याचा तुकडा काढला आणि तराजूत टाकला. तिथं त्याचा हात अडला. दगडावरच तर घासायचं आहे, त्याच्या मनात आलं. थेंबभर चाटण, त्यात कितीसं हीण जाणार? आणि म्हातारी कुठं कसोटीवर लावून बघणार आहे? हिशेबी माणसाची खोड म्हणतात ती अशी. त्यानं चोख तुकडा परत तिजोरीत ठेवला. मोडीत आलेली एक अंगठी घेतली, निम्मं सोनं नि निम्मं तांबं अशी, आणि तिला झकास उजळा दिला.

"चोख ना, शेट?" अंगठी हातात घेत सुईणीनं विचारलं.

"चोख," सराफ म्हणाला.

होन पेटीत बसला. सराफानं पेढे वाटले. पाहुण्यांना आता बोट ठेवायला जागा उरली नाही, आणि सराफ पेटी उघडी टाकून तासन्‌तास तिच्यापुढे बसू लागला. गावात पोरं जन्मत होती, बारशी होत होती. पेढीवरच्या गप्पांत कुणीतरी सांगितलं, की कुंभाराच्या नातवाचं पोट काही केल्या थांबत नाही, पोर पार मलूल झालंय. सराफानं ऐकलं, गिऱ्हाईकाकडे पाहिलं आणि काटा पुढे ओढला.

दिवाळी झाली आणि सराफाची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळंत होताना फार अडली. सुईणीनं शर्थ केली आणि मायलेकरं सुखरूप सुटली. सराफ खोलीच्या दाराशी उभा होता. नातवाचं रडणं ऐकून त्याच्या डोळ्यांना धार लागली.

सुईणीनं बाळाला न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळलं, सहाणेवर मधाचा थेंब टाकला आणि पदराची गाठ सोडली.

"आक्का, थांब जरा," सराफ घाईनं म्हणाला. "आज आमच्या घरचं सोनं घे."

"हे तुमच्याच घरचं आहे, शेट," सुईण म्हणाली आणि तिनं अंगठी सहाणेला लावली.

आता गप्प बसावं तर नातवाच्या तोंडात तांबं जाणार, आणि बोलावं तर बायको-लेकीदेखत अब्रू जाणार. सुईणीनं एक वेढा फिरवला, दुसरा फिरवला. तिचं बोट चाटणात बुडालं तसा सराफानं पुढे होऊन तिचा हात धरला.

"नको. त्यात हीण आहे."

बायकोनं मान खाली घातली. अंथरुणावरून लेक बापाकडे बघत राहिली.

"किती?" सुईणीनं विचारलं.

"निम्मं."

म्हातारीनं अंगठी खाली ठेवली आणि बोट पदराला पुसलं. "या अंगठीचं पहिलं चाटण कोष्ट्याच्या पोराला गेलं," ती स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाली, "ते तान्हं होतं. कुंभाराचंही तान्हंच. या माझ्या बोटानं चाटवलं मी त्यांना. तेव्हाही तुम्ही गावातच होता, शेट. तेव्हा तुम्हाला कुणाचा हात धरावासा वाटला नाही?"

सराफ माजघरात गेला, पेटी उघडली, राणीचा होन काढला आणि सुईणीच्या हातावर ठेवला. "हा उगाळ. हा चोख आहे."

"तुमच्या बाळाला घाई नाही," सुईण म्हणाली. "सोनं न चाटता कुणी मरत नाही. आधी ज्यांनी चाटलंय त्यांच्या दारी चला."

ती पुढे झाली आणि सराफ तिच्यामागून चालू लागला. कोष्ट्याचं पोर आता बरं होतं. कोष्ट्यानं सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला आणि मागावर जाऊन बसला. सराफाला वाटलं, यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कुंभाराच्या अंगणात सून माती मळत होती. ओसरीवर तिची सासू नातवाला बोंडल्यानं शेळीचं दूध पाजत होती. सराफाला एव्हाना रस्त्यात सुईणीनं सगळं सांगितलं होतं. बाळाचं पोट बिघडलं तेव्हा घरच्यांनी आईच्या दुधाला दोष दिला. बारशाला शेळीचं दूध सुरू केलं, सोनं चाटवणंही तेव्हाच संपलं, आणि बाळ सुधारलं. मग काय, सुनेचं दूधच नासकं असं ठरलं. तेव्हापासून बाळ तिच्याजवळ देत नव्हते. तिला माहेरी धाडून देण्याचं बोलणं चाललं होतं.

सराफ तिच्यासमोर उभा राहिला. "पोरी, बाळाचं पोट माझ्या खोट्या सोन्यानं बिघडलं. तुझ्या दुधानं नाही."

सुनेचे हात मातीत तसेच राहिले. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. पण आता ते आटलं."

"काय देऊ मी तुला?" सराफानं विचारलं. "माग, जे मागशील ते देतो."

"मला काही नको," ती म्हणाली. "हेच सासूबाईंना सांगा. त्यांना कमी ऐकू येतं. मोठ्यानं सांगा."

सराफ ओसरीकडे वळला. आळीतली दारं उघडी होती, बायका बाहेर येऊन पाहत होत्या. ज्या तोंडानं त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोन्याला नावं ठेवली, त्याच तोंडानं त्यानं आपण काय केलं ते मोठ्यानं सांगितलं. सासूला पहिल्यांदा नीट कळलं नाही. तेव्हा त्यानं आणखी आवाज चढवून पुन्हा सांगितलं.

म्हातारीनं बोंडलं खाली ठेवलं. ती बाळाला घेऊन अंगणात उतरली आणि सुनेचे हात मातीनं भरलेले आहेत हेही न बघता तिनं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

तात्पर्य: दुसऱ्याच्या लेकराला चालेल म्हणून आपण जे खोटं खपवतो, ते आपल्या लेकराच्या ओठाशी आल्यावरच आपल्याला खोटं दिसतं. आणि पाप कोपऱ्यात केलेलं असलं, तरी ज्याचं नुकसान झालं त्याच्या अंगणात जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असंच ते कबूल करावं लागतं.