भुरक्याचा फोटो

माणसं आभाळात नुकती कुठे यानं धाडायला लागली होती, तेव्हाची ही गोष्ट.

दूरच्या एका ग्रहाभोवती भुरका नावाचा लहानसा चंद्र फिरत असे. ग्रहाच्या कमरेला सोनेरी कडी होती आणि ती भुरक्याच्या डोळ्यांत खुपायची. "मिरवतोय बघा लेकाचा! आणि माझ्या वाट्याला नुसते खड्डे!" असं पुटपुटत तो सदान् कदा ग्रहाकडेच बघत राही. आपल्या पाठीमागेही आभाळ आहे, हे त्याच्या गावीच नव्हतं.

एक दिवस पृथ्वीवरून एक यान आलं.

"आलास ना त्याचाच फोटो काढायला?" भुरका फणकारला.

"त्याचे दुर्बिणीतूनच ढीगभर झाले रे," यान म्हणालं. "मी तुझ्यासाठी आलोय. तू त्याच्यासमोरून जाशील, तेव्हा फक्त तोंड माझ्याकडे कर. मला थांबता येत नाही, फोटो एकदाच निघेल."

भुरका हरखला. ग्रहासमोर आला. यानाने हाक दिली, "भुरक्या, इकडे बघ!"

भुरका वळणार, एवढ्यात त्याच्या मनात आलं, 'मी पाठ फिरवली की हा मागे कडी चमकवणार, आणि माझ्या फोटोत हाच भाव खाणार!'

"अरे, बघ ना इकडे!"

"थांब जरा! आधी ह्याच्यावर लक्ष ठेवू दे."

यान फोटो टिपून पुढे निघून गेलं.

पृथ्वीवर तो फोटो बघायला पोरांची झुंबड उडाली.

"कडी काय झकास आहेत! पण समोर हे कोण?"

"कोण जाणे. पाठमोरं आहे."